हेडमास्तरांनी लिहिलेलं विधिलिखित

अहो,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग खोडलं. चाळीस वर्षांच्या संसारात तुम्हाला एकदाही प्रिय म्हटलं नाही. आता म्हटलं तर तुम्ही तिथं दचकून उठून बसाल, की हिला झालं तरी काय!

काही झालेलं नाही. उद्या सकाळी माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, मोतीबिंदूचं. नंतर आठ दिवस वाचायचं नाही, लिहायचं नाही, वाकायचं नाही, गॅससमोर उभं राहायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. म्हणजे आठ दिवस नुसतं बसून तुमच्याशी मनातल्या मनात भांडायचं. त्यापेक्षा आजच कागदावर भांडून घेते. अक्षर मोठं आलंय आणि ओळी चढावर चालल्यात, त्याला इलाज नाही. डावा डोळाही आता उजव्याच्या वळणावर चाललाय.

होय, भांडायचंच आहे. तुम्ही गेलात त्याला दोन वर्षं झाली. तेव्हा रडण्यात आणि लोकांना चहा देण्यात रागवायला उसंतच मिळाली नाही. आता मिळाली.

तुमच्या यंत्रमागाच्या सामानाची ती पत्र्याची पेटी आठवते? पान्हे, धोटे, तुटक्या कांड्या, असलं सगळं भरून ठेवलेली? ‘हिला हात लावू नको, बोट चिमटंल,’ म्हणून मला कायम लांब ठेवलेली? आपला माग संदीपनं विकला, तेव्हा मागाबरोबर सुटं सामान द्यायला म्हणून त्यानं ती पेटी उघडली. तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून काय निघालं? माझी पत्रिका! तिच्यासोबत निपाणीच्या ज्योतिषाची बावीस वर्षांपूर्वीची चिठ्ठी. आणि एक वही.

चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘पत्नीस बासष्टाव्या वर्षी शस्त्रभय. पार पडणे कठीण. मन प्रसन्न ठेवावे. पती दीर्घायुषी, चौऱ्याऐंशी.’ आणि खाली तुमच्या अक्षरात, दोनदा रेघ मारून, ‘हिला सांगायचं नाही.’

पेटी उघडायच्या थोडंच आधी मी वाचनालयातून ग्रीक शोकांतिकांवरचं एक जाड पुस्तक आणलं होतं. अक्षरं मुंग्यांसारखी पळायची, म्हणून सूनबाई, रूपा, वाचायची आणि मी तिच्या वाटणीचा लसूण सोलायची. तिथले ते राजे म्हणजे ऐका. देवळात जाऊन विचारायचं, माझं पुढं काय होणार? देवाच्या नावानं कुणीतरी काहीतरी भयंकर सांगणार, तेही अर्धवट. मग राजा ते टळावं म्हणून गाव सोडून पळणार. आणि ज्या वाटेनं पळणार, त्याच वाटेवर ते येऊन उभं असणार!

रूपा वाचता वाचता थांबली. “आई, हे लोक ईचारायलाच का जातात हो? न्हाय ईचारलं तर काय बिघडतंय?”

“राजे असतात गं. काम काय असतंय त्यांस्नी?”

त्या नाटकांत म्हाताऱ्या माणसांचा एक घोळका असतो. त्याला कोरस म्हणतात. कामधाम काही नाही, बाजूला उभं राहून ‘अरेरे, काय ही वेळ आली’ एवढंच म्हणायचं. रूपा म्हणाली, “ह्या तर आपल्या गल्लीतल्या बायका!” वडगावच्या आमच्या गल्लीला ग्रीक लोक एवढे जवळचे असतील असं मला वाटलं नव्हतं.

पण आपल्याच घरात असा एक राजा वीस वर्षं माग चालवत होता, हे तेव्हा ठाऊक नव्हतं हो.

आता वहीचं बोलते. शंभर पानी, वर ‘हिशोब’ असं लिहिलेली. आत हिशोब एक नाही. आत सगळा माझा स्वयंपाक! ‘भाकरी : पाणी कढत पाहिजे. पीठ एकदम मळायचं नाही.’ ‘आमटी : मीठ ती अंदाजानं घालते. अंदाज म्हणजे किती ते लक्ष ठेवून बघणे.’ ‘आमटीवर लाल कट कसा येतो ते विचारणे, पण कळू न देता.’ एका पानावर फक्त, ‘आज परत करपली.’

तेव्हा कळलं मला, बावीस वर्षांपूर्वी तुम्ही एकाएकी स्वयंपाकघरात का घुसायला लागलात ते! मला आधी वाटलं, प्रेम आलंय. मग वाटलं, माझ्या हातची चव गेली की काय? गल्लीतल्या बायकांनी तर तोंडाला पदर लावला होता. ‘सुमनचा मालक भाकऱ्या थापतोय!’ मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, “असू दे गं, जरा हाताला याम.” दिवसभर माग चालवणाऱ्या माणसाला हाताचा व्यायाम कमी पडतो होय? आणि मीही विश्वास ठेवला! माझ्यामागं तुम्हाला एकट्याला जेवायचं होतं, त्याची तयारी चालली होती. माझ्यादेखत, माझ्याच परातीत, मलाच विचारून!

आणि दर सहा महिन्यांनी माझं रक्त तपासायला नेणं, ‘सुरी मी धरतो, तू बाजूला हो’ म्हणणं, वाचनालयात मला न विचारता माझं नाव घालणं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला तुम्ही पहिलं पुस्तक आणून दिलंत तेव्हा मी केवढी चिडले होते! “हे वाचून भाकरी फुगंल व्हय?” तुम्ही म्हणालात, “वाच गं. मन रमलं पायजे माणसाचं.” ते ज्योतिषानं सांगितलं होतं, मन प्रसन्न ठेवावे! मी आज जी काही वाचणारी बाई आहे, ती त्या चिठ्ठीमुळं. हे कळल्यापासून रागवायचं तरी कुणावर हेच समजेना झालंय.

संदीपचं काय झालं ते ऐका. मच्छे गावच्या कारखान्यात तो सुपरवायझर आहे. केसाएवढा फरक पडला तरी अख्खा लोखंडी भाग परत पाठवतो. तो त्या चिठ्ठीपुढं कोकरू झाला. मला यंदाच जूनपासून बासष्टावं लागलेलं, आणि डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळालेली. शस्त्रभय! त्यानं मला न विचारता दवाखान्यात फोन करून तारीखच रद्द केली. “आई, वर्स सरू दे. मग बघू.”

“अरं, वर्सात मला कायबी दिसायचं बंद हुईल की.”

“मी वाचून दाखवतो की.”

संदीप वाचून दाखवणार! शाळेतलं पुस्तकसुद्धा मी मागं लागून वाचून घेतलं त्याच्याकडून.

मग घरातलं सगळं धारदार गायब झालं. सुऱ्या कपाटात कुलपात. कात्री शेजारी. भाजी सून तिच्या खोलीत दार लावून चिरायची, जसं काही चोरीचा माल आहे. आणि विळी त्यानं गोणपाटात गुंडाळून माझ्याच कॉटखाली, अगदी भिंतीकडं सरकवून ठेवली. त्याच्या मते ती घरातली सगळ्यात सुरक्षित जागा. आई वाकून कशाला बघतीय?

एका दुपारी माझी जपमाळ कॉटखाली गेली. मी जमिनीवर आडवी पडले आणि हातानं चाचपडायला लागले. दिसत तर काही नाही. गोणपाटाला हात लागला, ते ओढलं, आणि विळीनं बोट असं कापलं म्हणता! रक्ताची धार!

संदीप त्या दिवशी घरी होता. धावत आला, बोट बघितलं आणि भिंतीला टेकून खाली बसला. ओठ पांढरे. “आई… शस्त्रभय…”

मला हसू फुटलं. बोट धरून मी हसत सुटले. “व्हय बाबा, झालं शस्त्रभय! तू स्वतः आणून माझ्या उशाशी ठेवलंस की!” दारात रूपा हळदीचा डबा घेऊन उभी. ती गंभीरपणे म्हणाली, “आई, हे त्या पुस्तकातल्या राजासारखं झालं.” संदीपला वाटलं आम्ही दोघी येड्या झालो.

बोट बांधून झाल्यावर मी त्याला समोर बसवलं. “आता मला सांग. मला दिसत असतं तर हे कापलं असतं का?”

तो विळी परत गोणपाटात गुंडाळायला लागला.

“आणि ही पत्रिका माझी न्हाय.”

आता तुम्हीही बसा. हे तुम्हालाही कधी सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं!

तुमच्या आईंना लग्नाआधी पत्रिका पाहिजे होती. आमच्या घरी, बोरगावला, पत्रिका कुणाची करतात? माझी आई सांगायची, ‘तंबाखू वाळत घातली व्हती, तवा तू झालीस.’ म्हणजे थंडीचे दिवस. कुठला महिना, कुठलं वर्ष, कुणी लिहून ठेवलं नाही. माझ्या आप्पांनी काय केलं, तर शाळेचा दाखला घेतला आणि निपाणीला ज्योतिषाकडं गेले. दाखल्यावर होतं, एक जून. ज्योतिषानं विचारलं, वेळ? आप्पा म्हणाले, “धा वाजता लिवा. शाळा तवाच भरतीय.” झाली माझी पत्रिका! माझा मंगळ, माझा गुरू, माझा शनी, सगळे हेडमास्तरांच्या टेबलावर जन्मले.

आणि हेडमास्तरांनी एक जून कुणाला लावला नव्हता? अख्ख्या वर्गाला! आई-बापाला तारीख सांगता येईना, शाळा तर जूनमध्ये भरते. मग एक जून. माझ्या आक्काचीही एक जूनच, आणि वर्षही तेच, कारण आम्हा दोघींचं नाव एकाच दिवशी शाळेत घातलं होतं. आक्का माझ्याहून मोठी, पण दाखल्यावर आम्ही जुळ्या!

संदीपचा विश्वास बसेना. तेव्हा आक्काला जांबोटीला फोन लावला आणि आवाज मोठा केला. ती गोठ्यात होती, मागं म्हैस हंबरत होती.

“आक्का, तुझी जन्मतारीख सांग याला.”

“एक जून. का रं, पेन्शनचं काय आलंय का?”

संदीपनं चिठ्ठीचं सांगितलं. आक्का म्हणाली, “म्हंजे मी बी यंदाच जानार म्हण की! अरं, बरं झालं सांगितलास. म्हशीला पाचवा म्हैना लागलाय. तिचं कोन बघनार?” आणि मग, “बोरगावची आमची सगळी पोरं यंदा जानार रं! त्या ज्योतिषाला म्हणावं, वर्गाचा हजेरीपट आण, एकदमच फुली मार.”

फोन ठेवल्यावर संदीप बराच वेळ माझ्या बांधलेल्या बोटाकडं बघत होता. “मग तुझी खरी तारीख कुठली?”

“कुणाला ठावं?”

“मग धोका कवा?”

“ते बी कुणाला ठावं! सगळ्यांचं असतंय, तसंच.”

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी त्यानं दवाखान्यात फोन केला आणि नवी तारीख घेतली. विळीही स्वयंपाकघरात परत आली.

हे सगळं सांगून मी दोन दिवस हसत होते. तिसऱ्या दिवशी हसू कुठंतरी अडकलं.

तुमच्या छातीत दुखत होतं. किती महिने दुखत होतं, तुम्हालाच माहीत. ‘पित्त’ म्हणायचात. माझं तपासायला गेलो तेव्हा त्या डॉक्टरांनी तुम्हाला स्वतःहून विचारलं होतं, तुमचंही एकदा बघू या का? आणि तुम्ही ऐटीत म्हणालात, “माझं काय घिवून बसलाय डॉक्टर! मी चौऱ्याऐंशी वर्सं खुट्ट व्हत न्हाय.” मला तेव्हा तो आकडा तुमच्या नेहमीच्या थापांपैकी वाटला होता. चौऱ्याऐंशीच का, ऐंशी का नाही, हे विचारायचं सुचलं नाही. आता चिठ्ठीत तोच आकडा बघितला.

तुमची पत्रिका तर खरी होती हो! तुमच्या आईनं वेळ लिहून ठेवली होती, घड्याळ बघून. माझी खोटी पत्रिका म्हणत होती, ही जाईल. तुमची खरी पत्रिका म्हणत होती, हा राहील. आणि सहासष्टाव्या वर्षी, लाईट गेली म्हणून तुम्ही मागाच्या कट्ट्यावर टेकलात. लाईट आली. गल्लीतले सगळे माग खडखडायला लागले. आपला लागला नाही. मी भाजी ढवळत होते, आणि माझा हात तिथंच थांबला.

अहो, सांगायचं होतं मला! एका शब्दानं सांगायचं होतं, की ज्योतिषी असं असं म्हणाला. मी तिथल्या तिथं हसून सांगितलं असतं, की तो एक जून हेडमास्तरांचा आहे. ती पिशवी तुम्ही त्याच दिवशी चुलीत घातली असती, आणि कदाचित तुमच्या छातीकडंही जरा लक्ष दिलं असतं. वीस वर्षं एकटे कसे वाहून नेलंत हे? मला दया यावी म्हणून नव्हे, मला राग येतो म्हणून विचारते.

पण नुसतं तुम्हालाच बोलून कसं चालेल? मीही सांगितलं नव्हतं. लग्नाच्या वेळी सासूबाईंची भीती होती. नंतर ती गोष्ट इतकी जुनी झाली की सांगण्यासारखी राहिलीच नाही. तुमच्याजवळ अर्धी गोष्ट, माझ्याजवळ अर्धी, आणि मधे रोज दोन वेळचं जेवण. त्या पुस्तकातही असंच असतं. एकाला एक ठाऊक, दुसऱ्याला दुसरं, आणि कुणी कुणाला वेळेवर सांगत नाही. मग शेवटी येऊन सगळे मिळून देवाला बोल लावतात. मला तर वाटतं, भविष्य खरं करायला देवाला माणसाच्या स्वभावाची मदत लागते. राजाचा ताठा, राणीचं गप्प बसणं. एवढं मिळालं की देवाचं काम सोपं!

पुस्तक लिहिणाऱ्या विद्वानांनी पानंच्या पानं घालवलीत, की माणूस नशिबाच्या हातातला की स्वतःच्या? मी काही विद्वान नाही. पण मला एवढं कळतं की चिठ्ठीत ‘शस्त्रभय’ लिहिलं होतं, ‘भाकरी शिका’ असं लिहिलं नव्हतं. मरणार म्हणून सांगितलेल्या बायकोचा नवरा दुसरंही पुष्कळ करू शकला असता. आतून दूर झाला असता, किंवा नुसता नवस बोलत बसला असता. तुम्ही ‘अंदाज म्हणजे किती’ ते लक्ष ठेवून बघत बसलात. ते कुणी लिहिलं होतं? ते तुमचं तुम्ही केलंत. त्या एका ओळीवर मी कुठल्याही ज्योतिषाला काही बोलू देणार नाही.

आता एक कबुली. हे संदीपला सांगितलेलं नाही.

चिठ्ठी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला भीती वाटली नव्हती. बरं वाटलं होतं. पत्रिका खोटी आहे हे ठाऊक असूनसुद्धा! म्हटलं, चला, एवढंच वर्ष. मग तुमच्याकडं. त्या रात्री मी शांत झोपले. दोन वर्षांत पहिल्यांदा. संदीपनं ऑपरेशन रद्द केलं, तेव्हा मी वरवर भांडले. पण मनात म्हटलं, जाऊ दे, वर्षभरासाठी डोळा कशाला दुरुस्त करायचा?

आणि मग विळीनं बोट कापलं. रक्त बघितल्याबरोबर मी हसायच्याही आधी काय ओरडले, माहीत आहे? “रूपा, हळद आण गं, पळ!” गळा ताणून ओरडले, शेजारणी बाहेर आल्या एवढ्यानं. नंतर बोट धरून बसले तेव्हा मला माझीच लाज वाटली, आणि नंतर तेवढीच गंमत वाटली. जायला निघालेली बाई हळद मागते होय? मला राहायचंय हो. तुमच्याशिवाय राहायचंय, हे लिहिताना हात जड होतो, पण राहायचंय. त्या जाड पुस्तकातली अर्धी नाटकं वाचून व्हायचीत अजून. त्यातल्या एखाद्यात तरी शेवटी कुणी जिवंत राहतं का, ते बघायचंय.

काल तपासणीला गेले होते. भूल म्हणजे नुसते डोळ्यात थेंब टाकतात म्हणे. नर्स कानडी होती. मी टेबलाची कड घट्ट धरली होती, ती तिनं हळूच सोडवली. “अंजब्याड्री, अज्जी.” घाबरू नका. मी म्हटलं, घाबरत नाही. खोटं बोलले. बाहेर आल्यावर मात्र संदीपला खरं सांगितलं, की मला भीती वाटतेय. तो म्हणाला, “मला बी.” आणि रिक्षात घरापर्यंत माझा हात धरून बसला. कळता झाल्यापासून पहिल्यांदा.

उद्या टेबलावर तुमची आठवण काढणार आहे, आधीच सांगते. पण ती हाक समजून न्यायला येऊ नका. तुम्हाला वचन देते, भीती वाटेल तेव्हा ती मी पोराला तोंडानं सांगेन, पेटीत ठेवणार नाही. आणि माझं इथलं सगळं वाचून, बघून, भांडून झाल्याशिवाय तुमच्याकडं यायची घाई करणार नाही. मला उशीर होईल. बराच होईल. तुम्ही जेवून घ्या, माझ्यासाठी थांबू नका.

तुमची,
सुमन